आधी मोजा, मग पाना लावा : घरी गाडी दुरुस्त करणाऱ्यांचे प्रश्न

स्वतःच्या गाडीखाली स्वतः शिरणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी निवडली आहेत. पत्रं वाचताना एक गोष्ट ठळकपणे जाणवली. काम येत नाही म्हणून अडलेले थोडेच आहेत. बहुतेक जण अंदाजपंचे दाहोदरसे पार्ट बदलून किंवा बोल्ट आवळून अडकले आहेत.

तेलाचा बोल्ट नुसताच फिरतोय

*सात वर्षं जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. पहिल्यांदाच घरी इंजिन ऑइल बदललं. दुसऱ्या दिवशी फरशीवर थेंब दिसले म्हणून खालचा बोल्ट आणखी आवळला. तरी थांबेना, म्हणून पान्याला पाइप लावला. आता बोल्ट नुसता फिरतो. गॅरेजपर्यंत गाडी चालवत नेऊ का? — एक वाचक, नाशिक*

नेऊ नका. वाटेत बोल्ट गळून पडला तर तेल मिनिटभरात रस्त्यावर सांडेल आणि तेलाचा दाब गेलेलं इंजिन काही क्षणांत जाम होऊ शकतं. गाडी टो करून न्या किंवा मिस्त्रींना घरी बोलवा.

काय झालं ते समजून घ्या, म्हणजे पुन्हा होणार नाही. अनेक गाड्यांचं ऑइल पॅन ॲल्युमिनियमचं असतं आणि बोल्ट पोलादी. जास्त आवळलं की मऊ धातूचे आटे सोलून निघतात. या बोल्टला बहुतेक छोट्या पेट्रोल गाड्यांमध्ये ३० ते ४० न्यूटन-मीटर एवढंच आवळणं लागतं. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. ३५ न्यूटन-मीटर म्हणजे २० सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला साधारण १८ किलोचा जोर. तोच हात ६० सेंटिमीटरच्या पाइपवर टाकला की १०५ न्यूटन-मीटर होतात. तुम्ही जोर वाढवला नसेलही, लांबीने तो तिप्पट केला.

थेंब पडत होते त्याचं कारण बहुधा बोल्ट सैल असणं हे नव्हतंच. बोल्टखाली तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा मऊ वायसर असतो. तो एकदाच चेपतो, त्यामुळे दर वेळी नवा लागतो. जुना वायसर तसाच ठेवला, किंवा जुना चिकटून राहिला आणि त्यावर नवा चढवला, तर कितीही आवळा, ठिबकणारच. ऑइल फिल्टरच्या बाबतीतही हाच घोळ होतो. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहते, नवा फिल्टर तिच्यावर बसतो आणि इंजिन सुरू होताच तेलाची धार लागते. जुना फिल्टर हातात आला की त्यावर रिंग आहे ना, हे आधी बघा. नव्या रिंगला बोटाने ताजं तेल लावा आणि रिंग टेकल्यावर हाताने पाऊण फेरा द्या. फिल्टर बसवायला पाना लागत नाही.

आता उपाय. आटे गेले असले तरी त्याच मापाचे नवे आटे देणारी पोलादी गुंडाळी, म्हणजे हेलिकॉइल, बसवता येते. पॅन जागेवर ठेवूनही हे होतं. भोक मोठं करणाऱ्या टॅपच्या खाचांत ग्रीस भरायचं, म्हणजे कीस ग्रीसमध्ये अडकतो. मग अर्धा लिटर स्वस्त तेल वरून ओतून खालून वाहू द्यायचं. बाजारात स्वतःच आटे पाडत जाणारे जाड बोल्ट मिळतात, ते आम्ही सुचवणार नाही. पुढच्या ऑइल चेंजला तेच दुखणं मोठ्या भोकासह परत येतं. पॅनला तडा दिसत असेल तर नवं पॅन हाच मार्ग.

पुढच्या वेळी बोल्टचे पहिले चार-पाच फेरे पान्याशिवाय, फक्त बोटांनी द्या. बोटांनी जात नसेल तर तो तिरका बसतोय.

नवी बॅटरी टाकली, तरी चार दिवसांत गाडी गप्प

*गाडी रोज लागत नाही. चार दिवस उभी राहिली की सेल्फ नुसता कट-कट करतो. वर्षभरात दोन बॅटऱ्या बदलल्या. दुकानदार म्हणतो डायनामो बदला. — एक वाचक, पिंपरी*

तिसरी बॅटरी आणि डायनामो, दोन्हीचे पैसे तूर्त खिशात ठेवा आणि १० अँपिअरपर्यंत डीसी करंट मोजणारा साधा मल्टिमीटर आणा. या दुखण्यात याच्याइतका उपयोगी खर्च दुसरा नाही.

आधी व्होल्टेज बघा. बॅटरी पूर्ण चार्ज करून रात्रभर तशीच ठेवल्यावर १२.६ व्होल्ट दिसले पाहिजेत. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन चालू असताना टर्मिनलवर १३.८ ते १४.५ व्होल्ट येत असतील तर डायनामो चार्ज करतोय. (काही नव्या गाड्या इंधन वाचवण्यासाठी चार्जिंग मधूनच कमी करतात, तेव्हा हेडलाइट लावून मोजा.) सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरी खरंच थकलेली आहे.

हे सगळं ठीक निघालं तर गाडी उभी असताना कुणीतरी करंट खातंय. गाडी बंद करा, किल्ली लांब नेऊन ठेवा, बॉनेट उघडं ठेवा आणि बाकी दारं लावून घ्या. बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलचा १० मिमीचा नट सोडवून केबल काढा. मीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला. मीटरचं एक टोक केबलला आणि दुसरं बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, म्हणजे सगळा करंट मीटरमधून जाईल. मीटर असा जोडलेला असताना किल्ली फिरवायची नाही. सेल्फ शंभराहून जास्त अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज तिथेच उडेल.

सुरुवातीला दोन-तीन अँपिअर दिसले तर घाबरू नका, गाडीतले कंट्रोल युनिट अजून जागे असतात. अर्धा तास थांबा. मग २० ते ५० मिलिअँपिअर राहिले तर सर्व काही ठाकठीक. तुमच्या गाडीत तीनशेच्या आसपास आकडा निघाला तर हिशेब जुळतोच : ०.३ अँपिअर गुणिले २४ तास म्हणजे दिवसाला ७.२ अँपिअर-तास, चार दिवसांत जवळजवळ २९. छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असते. ती संपणारच, कितीही नवी असली तरी.

चोर शोधायला फ्यूज एकेक करून काढण्याची पद्धत सगळ्यांना माहीत असते, पण फ्यूज परत घालताना कंट्रोल युनिट पुन्हा जागे होतात आणि आकडे फसवतात. त्यापेक्षा मीटर मिलिव्होल्टवर ठेवा आणि फ्यूज जागेवर असतानाच त्याच्या पाठीवरच्या दोन उघड्या धातूच्या ठिपक्यांवर टोकं लावा. शून्य असेल तर त्या वाटेने करंट जात नाही. १० अँपिअरच्या छोट्या फ्यूजवर २ मिलिव्होल्ट दिसले तर पाव अँपिअरच्या आसपास करंट वाहतोय. या कामासाठी मात्र निगेटिव्ह केबल परत नीट जोडलेली हवी आणि गाडी पुन्हा झोपू द्यायला हवी.

संशयितांची यादी ठरलेली आहे. बाहेरून बसवलेला स्टीरिओ, ज्याच्या पिवळ्या आणि लाल वायरींची अदलाबदल झालेली असते. पार्किंगमध्येही रेकॉर्ड करणारा डॅशकॅम. जीपीएस ट्रॅकर. डिकीचा न विझणारा दिवा. एकही फ्यूज दोषी निघाला नाही तर डायनामोवर हात ठेवा. गाडी सहा तास बंद असूनही तो कोमट लागत असेल तर आतला डायोड गेलाय आणि दुकानदाराचं म्हणणं खरं आहे. पण ते मोजून खरं ठरलं पाहिजे.

सहा तास घालवून मिळवलं काय?

*एअर फिल्टर, प्लग आणि ऑइल बदलायला शनिवारचे सहा तास गेले. मधे १० मिमीची गोटी (सॉकेट) इंजिनच्या खोबणीत पडली, प्लगचं माप चुकलं म्हणून दुकानात दोन फेऱ्या झाल्या. गॅरेजमध्ये हे तासाभरात झालं असतं. घरच्यांचं म्हणणं, एवढा आटापिटा कशासाठी? — एक वाचक, कोल्हापूर*

तुमच्या वेळेचे पैसे लावले तर पहिल्या वर्षी हा व्यवहार तोट्याचाच आहे. पण सहा तास कुठे गेले ते बघा. पाना हातात धरून गेलेला वेळ दीड-दोन तासांच्या वर नसेल. बाकीचा शोधाशोधीत आणि दुकानाच्या वाटेवर गेला. तो वेळ परत लागत नाही, जर काही सवयी लावून घेतल्या. पार्ट गाडीच्या चासी नंबरवरून मागा, मॉडेलच्या नावावरून नको. एकाच मॉडेलच्या दोन वर्षांत प्लग वेगळे असतात. पार्ट घरात आल्यावरच जुना काढा. दुकान बंद होण्याच्या वेळेला आणि गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी लागणार असताना काम सुरू करू नका. गोटीसाठी लवचीक दांड्याचं चुंबक घ्या.

आणि मिळवलं काय, तर नजर. गॅरेजच्या यादीत 'ऑइल चेंज' असेल तर कामाच्या गर्दीत तेवढंच होतं. तुम्ही गाडीखाली निवांत पडलेले असता. पुढच्या चाकांच्या ड्राइव्ह शाफ्टवरच्या रबरी बुटाला चीर पडलेली आणि आजूबाजूला ग्रीस उडालेलं तुम्हालाच दिसतं. त्या वेळी बूट आणि ग्रीस बदललं की भागतं. चार महिने पाणी आणि धूळ आत गेली की वळताना टक-टक सुरू होते आणि मग अख्खा जॉइंट बदलावा लागतो. टायर आतल्या कडेने झिजतोय, कूलंटच्या होजला फुगवटा आलाय, ब्रेकचं पॅड ३ मिमीवर आलंय, हे सगळं त्याच शनिवारी बघून वहीत तारीख आणि किलोमीटरसह लिहून ठेवा. दोन वर्षांनी ती वही तुमच्या गाडीबद्दल कुठल्याही बिलापेक्षा जास्त सांगेल.

पॅड बदलले आणि एक चाक तापतंय

*पुढचे ब्रेक पॅड घरी बदलले. आता डावं चाक हात लावता येणार नाही इतकं तापतं, ॲव्हरेजही पडलं. पॅड चुकीचे लागले का? — एक वाचक, सोलापूर*

बहुधा नाही, पण गाडी तूर्त चालवू नका. तापलेल्या ब्रेक ऑइलला उकळी फुटली तर पेडल जमिनीला टेकतं.

चाक उचला, गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) ठेवा, हँडब्रेक लावा आणि उरलेल्या चाकांना उटी, म्हणजे सरकू न देणारे ठोकळे लावा. ब्रेक दाबून सोडायला कुणाला तरी सांगा आणि चाक हाताने फिरवून बघा. जड असेल तर कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) ब्लीडर निपल, म्हणजे ब्रेक ऑइल बाहेर काढायचा छोटा स्क्रू, पाव फेरा सैल करा, त्याला आधी पारदर्शक नळी लावून. थोडं ऑइल उडालं आणि चाक लगेच मोकळं झालं तर दाब आत अडकतोय : रबरी ब्रेक होज आतून सुजली आहे किंवा दोष वर मास्टर सिलिंडरकडे आहे. निपल उघडूनही चाक जडच राहिलं तर कॅलिपर जाम आहे. दोन मिनिटांची ही तपासणी न करता लोक नवा कॅलिपर घेऊन येतात.

पॅड बदलल्यानंतर लगेच त्रास सुरू झाला, म्हणजे दुसरी शक्यता दाट. कॅलिपर दोन पिनांवर पुढे-मागे सरकतो. पिना ओढून काढा. त्यांना साधं चाकाचं ग्रीस लावलं असेल तर तेच कारण. ब्रेकची रबरं खनिज तेलाने फुगतात आणि पिन धरून ठेवतात. ही रबरं पेट्रोलने किंवा रॉकेलने पुसण्याची आपल्याकडची सवयही तितकीच घातक आहे. पिन ब्रेक क्लीनरने साफ करा, सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस पातळ लावा आणि फुगलेलं रबर बदला. पॅडचे कान ज्या पट्टीत बसतात तिथला गंज तारेच्या ब्रशने काढा. पॅड तिथे बोटाने सरकलं पाहिजे. हातोडीने ठोकून बसवावं लागलं असेल तर ते परत सुटणार नाही.

पिस्टन मागे ढकलण्यापूर्वी वरच्या डब्यातली पातळी बघा, काठोकाठ भरला असेल तर ऑइल बाहेर येतं. ते रंग खातं, सांडलं तर ताबडतोब पाण्याने धुवा. कॅलिपर होजवर लटकत ठेवू नका, तारेने बांधा. आणि काम झाल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल कडक लागेपर्यंत पंप करा. हे विसरलात तर पहिल्या ब्रेकला गाडी थांबत नाही. नंतर मोकळ्या रस्त्यावर ५० च्या वेगावरून १५ पर्यंत दहा-बारा वेळा, मधे थोडं चालवत, ब्रेक लावा म्हणजे पॅड डिस्कवर बसतात.

सीएनजीवर मिसिंग, पेट्रोलवर ठीक

*चढावर सीएनजीवर गाडी झटके देते, पेट्रोलवर मात्र लोण्यासारखी चालते. गॅस किटमध्ये दोष असेल ना? — एक वाचक, पनवेल*

आधी प्लग बघा. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेजची ठिणगी लागते, म्हणून थकलेला प्लग किंवा कॉइल पहिल्यांदा सीएनजीवर बोंबलतं. ओबीडी रीडर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड दाखवणारं यंत्र) लावून कोड वाचा. पी ०३०१ म्हणजे इंजिनच्या पहिल्या सिलिंडरचं मिसिंग, तिथे इंधन नीट पेटत नाही. पहिली कॉइल काढून दुसऱ्यावर आणि दुसरी पहिल्यावर लावा. कोड पी ०३०२ झाला तर कॉइल दोषी, पी ०३०१ च राहिला तर प्लगची अशीच अदलाबदल करा. एक रुपयाही खर्च न करता निकाल लागतो. इंजिन पूर्ण थंड असताना प्लग काढा आणि त्याआधी खळग्यातली धूळ हवेने उडवा. वायसरवाला नवा प्लग बोटाने टेकेपर्यंत बसवून मग अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका, न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं.

प्लग-कॉइल निर्दोष निघाले तर किटकडे वळा, पण तिथे तुमचा हात नको. टाकीत २०० बारचा दाब असतो. ते काम अधिकृत केंद्राचं, दर ३ वर्षांच्या हायड्रो टेस्टसारखंच (टाकीची दाबाची तपासणी).

गंजलेले नट आणि चिऱ्यावर ठेवलेली गाडी

*समुद्रापासून दोन किलोमीटरवर राहतो. मागच्या ब्रेकचा ड्रम निघतच नाही, एका बोल्टचं डोकंही गोल झालं. गाडी जॅकवर आणि खाली जांभ्याचे चिरे लावून काम करतो, ते चालेल का? — एक वाचक, मालवण*

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी : नाही, अजिबात नाही. जांभा भिंतीत भार पेलतो, कारण तो सगळीकडे सारखा पसरलेला असतो. गाडीचा भार चासीच्या एका अरुंद कडेतून येतो आणि चिरा इशारा न देता फुटतो. वीट आणि सिमेंटचा पोकळ ब्लॉकही तसाच. दोन पोलादी घोड्या घ्या, सपाट फरशीवर लावा आणि खाली जाण्यापूर्वी गाडी जोरात ढकलून बघा. काढलेलं चाक चासीखाली आडवं सरकवून ठेवा. नुसत्या जॅकवर गाडी असताना हातसुद्धा आत घालू नका.

ड्रम : हँडब्रेक सोडला आहे ना, ते बघा. पावसाळ्यात हँडब्रेक लावून आठवडाभर ठेवलेल्या गाडीचे लायनर ड्रमला चिकटतात. अनेक गाड्यांच्या ड्रमवर आटे असलेली दोन भोकं असतात, बहुधा ८ मिमी बोल्टची. दोन्हीत बोल्ट घालून आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा द्या, ड्रम बाहेर ढकलला जातो. मधल्या भागावर गंज सोडवणारं तेल आदल्या रात्री टाकून ठेवा, लायनरवर मात्र जाऊ देऊ नका.

गोल झालेल्या बोल्टला बारा कोनांचा रिंग पाना लावला असणार. तो कोपऱ्यांवर धरतो. सहा कोनांची गोटी सपाट बाजूंवर धरते, गंजलेल्या कामाला तीच हवी. हातोडीने डोक्यावर चार-पाच ठोके द्या, मग आधी किंचित आवळण्याच्या दिशेने आणि नंतर सोडवण्याच्या दिशेने. ब्रेक होज, पेट्रोलची टाकी किंवा सीएनजी सिलिंडर यांच्याजवळ ज्योत वापरू नका. परत बसवताना हबच्या सपाट भागावर तांब्याच्या ग्रीसचा पातळ हात द्या, चाकाच्या नटांच्या आट्यांना नको. तिथे ग्रीस असलं की तेवढ्याच आवळण्याने बोल्टवर जास्त ताण येतो.

थोडक्यात

*ट्रॅफिकमध्ये गाडी तापते, हायवेवर नाही. — ठाणे.* रेडिएटरचा पंखा. एसी लावा, बहुतेक गाड्यांत पंखा लगेच फिरायला हवा. नसेल तर फ्यूज, मग त्याच पेटीतला तसाच दुसरा रिले अदलून बघा, मग पंख्याला थेट १२ व्होल्ट द्या. पंखा फिरत असूनही घाटात तापत असेल तर कूलंटची पातळी, रेडिएटर आणि थर्मोस्टॅट बघायचे. बोअरचं पाणी घातलं असेल तर आत क्षार बसलेले असतात. गरम असताना झाकण उघडू नका, आत दाबाखालचं पाणी शंभर अंशांच्या वर असतं.

*घरी काय करू नये? — लातूर.* एअरबॅग, एसीचा गॅस, डिझेलची कॉमन रेल लाइन, सस्पेन्शनची दाबलेली स्प्रिंग आणि हायब्रिड-इलेक्ट्रिक गाडीतल्या केशरी केबल.

*काढलेलं तेल आणि कूलंट कुठे टाकू? — सांगली.* गटारात किंवा झाडाखाली नको. वापरलेलं तेल कायद्याने घातक कचरा आहे. जुन्या डब्यात पाणी न मिसळता भरा आणि ज्या गॅरेजकडून अधिकृत रिसायकलर तेल उचलतो तिथे द्या. कूलंट तेलात मिसळू नका, वेगळ्या बंद डब्यात ठेवा, आणि पार्किंगमध्ये थेंबभर सांडलं तरी पाण्याने धुऊन पुसून घ्या. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, सोसायटीतली कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्या प्रमाणातही ते त्यांच्या जिवावर बेततं.